‘सोडून’ हा शब्द मागे घ्या

दुपारपासून डोक्यात एकच शब्द घोळतोय. सोडून.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होता, मीही बोलायला गेले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी ख्वाजा अहमद अब्बास यांची ओळख करून दिली ती अशी : पत्रकारिता सोडून सिनेमात गेले आणि ‘आवारा’, ‘श्री ४२०’, ‘बॉबी’ लिहून नाव कमावलं. एवढं बोलून लगेच पुढचा विषय. समोरची मुलं भराभर वहीत उतरवून घेत होती. माझं बोलणं आधीच होऊन गेलं होतं, त्यामुळे गप्प बसावं लागलं. आता घरी आल्यावर राहवत नाहीये.

अहो, सोडली कधी त्यांनी?

माझे बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर छपाईचे, अक्षरांचे खिळे जुळवायचे. मालक ‘ब्लिट्झ’ हे इंग्रजी साप्ताहिक घ्यायचे आणि त्यांचा वाचून झाला की अंक बाबांना मिळायचा. घरी आले की चहाच्याही आधी बाबा अंक पालथा करायचे. शेवटच्या पानावर अब्बासांचं सदर असायचं, सदराचं नावच ‘लास्ट पेज’. बाबांची शाळा सातवीत सुटली होती, इंग्रजी आलं ते जुळवता जुळवता. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला विचारायचं आणि समासात मराठी अर्थ लिहायचा. मग ब्लेडने ते पान कापून ट्रंकेत ठेवायचं. बाकीचा अंक रद्दीत.

हे सदर ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या इंग्रजी दैनिकात सुरू झालं, १९४७ साली ‘ब्लिट्झ’मध्ये आलं आणि १९८७ साली अब्बास गेले तोवर चालू होतं. एकट्या ‘ब्लिट्झ’मध्येच चाळीस वर्षं! दर आठवड्याला! ‘आवारा’ आला १९५१ साली, ‘श्री ४२०’ आला १९५५ साली, ‘बॉबी’ १९७३ साली. म्हणजे राज कपूरसाठी लिहीत होते तेव्हाही आठवड्याचा मजकूर जातच होता. आपल्यातल्या किती जणांनी एखादं सदर चार वर्षं सलग चालवलंय? मी बावीस वर्षं डेस्कवर काढली आहेत, मला माहीत आहे दर आठवड्याला कोरा कागद समोर येतो तेव्हा पोटात काय होतं ते.

आणि सिनेमात तरी त्यांनी काय वेगळं केलं? बंगालचा दुष्काळ पडला, त्यावर ‘धरती के लाल’ काढला, १९४६ साली, ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या मंडळींना घेऊन. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते, परतले चार. न परतलेल्या त्या एकाची गोष्ट आधी पुस्तकरूपात लिहिली ती अब्बासांनी. पानिपतात जन्मलेल्या आणि अलीगढला शिकलेल्या या माणसाने. त्यावरून शांतारामबापूंनी सिनेमा केला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतः केली. पुढे अब्बासांचाच ‘शहर और सपना’. मुंबईत घर मिळत नाही म्हणून एक जोडपं रस्त्याकडेच्या मोठ्या पाइपात संसार मांडतं. हे ज्याला सुचतं त्याने पत्रकारिता सोडलेली असते का? तो पाइप त्याच्या आधी हजारो लोकांनी येताजाता पाहिला असेल. थांबून आत डोकावून बघायला बातमीदारच लागतो.

‘सात हिंदुस्थानी’ म्हटलं की लोक फक्त अमिताभचा पहिला सिनेमा म्हणतात. गोवामुक्तीवर होता हो अब्बासांचा तो सिनेमा! आपल्या शेजारच्या गोव्यावर!

हो, त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले बरेच सिनेमे चालले नाहीत. पात्रं मध्येच भाषण करायला लागतात, तेही खरं. पुढे.

एक रविवार सांगते. चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि संध्याकाळी दूरदर्शनवर ‘आवारा’ लागणार होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नावं सुरू झाली तेव्हा नेहमीसारखा गोंगाट चालू होता, कुणी पाणी मागतंय, कुणी पोराला ओरडतंय. बाबा कधी आवाज चढवायचे नाहीत, पण तेव्हा मोठ्याने म्हणाले, ‘‘अरे थांबा जरा, नावं येतायत.’’ अब्बासांचं नाव आलं तसं त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोटाने टकटक केलं. ‘‘हा बघ, आपला शेवटच्या पानावरचा माणूस.’’ लेखक म्हणून त्यांच्यासोबत व्ही. पी. साठे यांचंही नाव असतं. ‘बॉबी’तही दोघं बरोबर. साठ्यांचं नाव तर आज त्या गृहस्थांनी घेतलंसुद्धा नाही.

सिनेमा संपल्यावर बाबा जिन्यात म्हणाले, चोराचा मुलगा चोरच होणार असं म्हणणारा तो जज्ज आहे ना, त्याच्याबद्दल हा दर आठवड्याला लिहितो. मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, एखाद्या खऱ्या जज्जाबद्दल लिहीत असतील.

खऱ्या न्यायालयाचाही किस्सा आहे आणि आज त्या मुलांना तोच सांगायला हवा होता. १९६८ साली अब्बासांनी चार महानगरांवर एक छोटा माहितीपट केला. एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे झोपड्या, वेश्यावस्ती. सेन्सॉरने कापाकापी सांगितली. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असताना सरकारने माघार घेतली, काटछाट न करता प्रमाणपत्र देतो म्हणालं. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी आला असता. यांनी अर्ज दुरुस्त करून घेतला आणि विचारलं, मुळात सिनेमाला आधीच कात्री लावायचा अधिकार तुम्हाला आहे का? १९७० साली निकाल लागला, सेन्सॉरची पद्धत न्यायालयाने कायम ठेवली. तो मुद्दा अब्बास हरले. पण स्वतःचं काम झाल्यावरही प्रश्न विचारत राहिले ना! याला पत्रकारिता नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नसणार, कुणी हातात दिलेला कागद वाचला असेल त्यांनी. आणि कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी जवळ आली होती. म्हणाली, ‘‘मॅडम, मला पटकथा लिहायच्यात, पण घरचे म्हणतात मग पत्रकारितेची फी कशाला भरली?’’ तेव्हा बस गाठायची घाई होती, मी काहीतरी थातुरमातुर बोलले. ते आता खातंय. तिनेही वहीत ‘सोडून’ लिहिलं असणार.

१९८७च्या जूनमध्ये अब्बास गेल्याची बातमी आली. त्यानंतरचा एक अंक बाबांनी घरी आणला, नेहमीसारखा पालथा केला आणि जरा वेळाने सरळ केला. पहिल्या पानापासून वाचायला लागले. आई चहा घेऊन उभी होती, तिने काही विचारलं नाही.

ट्रंक माझ्याकडेच आहे. किल्ली हरवलीये, उद्या कुलूपवाल्याला बोलावते. समासातले पेन्सिलीचे अर्थ दिसतील अशा झेरॉक्स काढायच्यात. त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं, आज कार्यक्रमात असलेल्यांपैकी कुणी ओळखत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. निळी ओढणी होती, दुसऱ्या रांगेत, खिडकीकडे.