विळा, अनी-अनी आणि ‘ताई, जरा अभ्यास करा’

इंडोनेशियातल्या जावा बेटावर बायका अनी-अनी नावाच्या छोट्या हातपात्याने एकेक लोंबी खुडून भात कापत, त्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती थोडक्यात अशी: ‘ताई, जरा अभ्यास करून लिहा. विळा हाताशी असताना एकेक लोंबी खुडत बसणाऱ्या बायकांचं कसलं कौतुक? शुद्ध अडाणीपणा आहे हा. बाऊ म्हणजे एकर नव्हे. १९८४च्या तांदळातल्या स्वयंपूर्णतेबद्दल एक अक्षर नाही. गावच्या कारभाऱ्यांना फुकटात जमीन मिळते, त्यावर तर मूग गिळून गप्प. सगळं नेटवरून उचललेलं दिसतंय.’

आधी त्या ‘ताई’बद्दल. ज्या दमात ताई म्हणायचं त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत? ‘अमुक ठिकाणी पटलं नाही’ एवढंच लिहिलं असतंत तर मीही दोन ओळींत आभार मानून मोकळी झाले असते. ‘अडाणी’ मला म्हणाला असतात तरी सोडून दिलं असतं. तुम्ही ते त्या बायकांना म्हणालात, म्हणून हे लांबण.

बाऊचं मान्य. बाऊ हे जावातलं जमिनीचं माप: ५०० उबिन (हे तिथलं छोटं माप), साधारण ७,१०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने पावणेदोन एकर. मी घाईत ‘एकरभर’ लिहून गेले. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभारी आहे, आणि हे मनापासून.

आता विळा. मध्य जावातल्या क्लातेनच्या बाजूला मी सहा हंगाम काढले आहेत आणि माहेरची खाचरं रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. चिखल दोन्हीकडचा माहीत आहे, तेव्हा विळा कसा धरायचा हे मला कोणी शिकवायला नको.

अनी-अनी तुम्ही बहुधा चित्रातच पाहिली असावी. तळहातात मावेल एवढी लाकडाची फळी, तिच्या कडेला बसवलेलं पातळ पातं, आणि फळीला आडवी जाणारी बांबूची छोटी दांडी. दांडी मुठीत धरली की पातं बोटांच्या फटीतून बाहेर राहतं. बोटांनी लोंबीचा दांडा पात्याकडे ओढायचा, की तो कटकन तुटतो. लोंबीखाली साधारण वीतभर दांडा ठेवायचा, कारण पुढे जुडी त्याच्यावरच बांधायची असते. मूठ भरली की डाव्या हातात द्यायची. पातं मुठीत लपलेलं असतं म्हणून देवी श्री, म्हणजे तिथली भाताची देवता, घाबरत नाही, असं सांगतात. हे एवढंच कारण धरून तुम्ही हसलात. बाकीची कारणं त्याच लेखात खाली होती.

जावाच्या जुन्या भातांत ‘बुलू’ नावाचा मोठा गट होता. बुलू म्हणजे केसाळ, कुसळांचा. क्लातेनमधल्या डेलांगूचा प्रसिद्ध रोजोलेले भात त्यातलाच. हे भात उंच वाढतात, पाच-साडेपाच महिने घेतात, लोळतात, आणि सगळ्या लोंब्या एकाच वेळी पिकत नाहीत. पिकलेली तेवढी निवडून घ्यायची, हिरवी राहू द्यायची, हे विळ्याने कसं करणार? विळा मुठीत येईल ते कापतो. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: बुलूचा दाणा दांड्याला घट्ट चिकटलेला असतो. आपण भारा फळीवर झोडतो आणि दाणे खाली पडतात, तसं इथे होत नाही. झोडून झोडून हात दुखतील, अर्धे दाणे तिथेच. मग विळ्याने भराभर कापून वाचवलेला वेळ गेला कुठे?

म्हणून ते भात लोंबीसकट साठवायचे. जुड्या वाळवायच्या, कणगीत म्हणजे लुंबुंगमध्ये रचायच्या, आणि रोज लागेल तेवढी जुडी लाकडी उखळात कांडायची. याचा एक मोठा फायदा कोकणातल्या माणसाला तरी कळायला हवा. शेतातून आलेल्या सुट्या भातात २२ ते २५ टक्के ओल असते. पोत्यात भरून रात्रभर ठेवलं तर आतून तापतं, दाणा पिवळा पडतो, वास मारतो. १४ टक्क्यांवर आणायला ताडपत्रीवर पसरून सारखं उलथत राहावं लागतं. कडक उन्हात फार भरभर वाळवलं किंवा वाळलेलं पुन्हा भिजलं की दाण्याला चीर जाते आणि गिरणीत कणीच कणी निघते. टांगलेल्या जुडीतून वारा खेळतो, ती सावकाश वाळते. पश्चिम जावात सुकाबुमीकडच्या चिपतागेलारमध्ये आजही हेच चालतं: वर्षातून एकच पीक, तिथे ज्याला एतेम म्हणतात त्याच हत्याराने कापणी, बांबूच्या आडव्या दांड्यांवर जुड्या टांगायच्या आणि मग लेउइटमध्ये, म्हणजे तिथल्या कणगीत भरायच्या. शिवाय लोंबी लोंबी हाताळली की बियाण्याच्या चांगल्या लोंब्या तिथल्या तिथे वेगळ्या निघतात. आपल्याकडेही बाजरीची कणसं खुडतातच की. तिथे कोणी अडाणी म्हणत नाही.

पण मोठी गोष्ट वाट्याची. कापणाऱ्या बाईला रोजगार नव्हता, बावोन होता, म्हणजे कापलेल्या भातातला हिस्सा. नात्यातल्या, शेजारच्या बाईला सहाला एक. परक्या गावच्या बाईला दहाला किंवा बाराला एक. दर गावागणिक वेगळे. कापणीला येणाऱ्याला परत पाठवायचं नाही, असा रिवाज. बिनजमिनीच्या घराच्या चुलीवरचा भात बराचसा यातून यायचा. कुसळ नसलेले, सहज झडणारे ‘चेरे’ भातही अनी-अनीनेच कापायचे, ते याच कारणाने. हत्यार हळू होतं म्हणून जास्त हातांना काम मिळायचं, हे तुम्हाला दोष वाटतं. तिथल्या बायकांना वाटलं नसावं.

साठच्या दशकाच्या शेवटी आयआर-५ आणि आयआर-८ हे सुधारित भात तिथे पीबी-५, पीबी-८ नावाने आले. पीबी म्हणजे ‘पेटा बारू’, नवा पेटा; दोन्हींच्या वंशात पेटा हा जावाचाच भात आहे. ठेंगणे, एकदम पिकणारे, सहज झडणारे. मग विळा आला, शेतातच झोडणी आली, वजनकाटा आला. सोबत तेबासान आला: कापणीच्या आठेक दिवस आधी मालक उभं पीक पेनेबासला, म्हणजे व्यापाऱ्याला विकून मोकळा. व्यापारी स्वतःची टोळी आणणार, क्विंटलवर रोख पैसे देणार. गावातल्या बायकांना ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी मालकावर उरलीच नाही. त्याच सुमारास भात भरडायच्या यंत्रांनी कांडणीही नेली. पश्चिम जावात इंद्रामायू-सुबांगकडे तर सहाला एक हिस्सा टिकवायचा तर लावणी किंवा बेणणी फुकट करून द्या, अशी चेब्लोकानची अट आली. विळा चांगला की वाईट, हे या सगळ्याला बाजूला ठेवून ठरवता येत असेल तर तुम्ही ठरवा.

आयआर-६४ हा नंतरचा सुधारित भात अनी-अनीने कापायला मीही सांगणार नाही. तो ठेंगणा आहे आणि एकदम पिकतो. क्लातेनमध्ये आज विळा आहे, मळणीयंत्र आहे, आणि चिखल फार खोल नसेल तिथे कंबाइन हार्वेस्टरही. हे मूळ लेखात आहे. पण तुम्ही तिथवर पोचला नसाल.

बाकीचं भरभर. १९८४ची स्वयंपूर्णता हा वेगळा लेख आहे. ती सांगायची तर तपकिरी तुडतुडे ही भाताची कीड आणि १९८६ साली भातावर बंदी घातलेली ५७ कीटकनाशकंही सांगावी लागतील, फक्त टाळ्यांचा भाग नाही. गावच्या कारभाऱ्यांची बेंगकोक जमीन ‘फुकट’ नाही, ती मुळात पगाराऐवजी दिलेली, आपल्या वतनासारखी. फरक एवढाच की पद गेलं की जमीन गेली. नेटवरून उचलल्याच्या आरोपाला उत्तर देत नाही.

आणि हो, बेंगकोकवर मी गप्प नव्हते. मूळ लेखात, खालून दुसरा परिच्छेद.