त्रिनिदाद खरोखर कार्निव्हलवर जगतो काय?

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केल्यापासून एक मजकूर या ना त्या रूपात समाजमाध्यमांवर फिरताना दिसतो. त्याचा आशय थोडक्यात असा : कॅरिबियन समुद्रातला त्रिनिदाद आणि टोबॅगो हा चिमुकला देश आपल्या राष्ट्रीय कार्निव्हलवर जगतो; सरकारने राजाश्रय दिला म्हणून हा उत्सव मोठा झाला, पर्यटकांना रुचेल असे रूप दिले म्हणून तो टिकला आणि आता जगभर त्याच्या शाखा असल्याने पुढची चिंताही मिटली; तेव्हा आपणही हाच कित्ता गिरवावा. मजकूर वाचायला गोड आहे, परंतु त्यातले एकेक विधान हातात घेऊन पाहिले की फारसे काही शिल्लक राहत नाही.

देश कार्निव्हलवर जगतो, हे तर सरळ चूक आहे. सुमारे १४ लाख वस्तीचा हा देश जगतो तेलावर आणि त्याहूनही अधिक नैसर्गिक वायूवर. पॉइंट फोर्टिनहून १९९९ पासून द्रवरूप वायू जहाजांत भरून परदेशी जातो, पॉइंट लिसासला अमोनिया आणि मिथेनॉलचे कारखाने आहेत, आणि सरकारी तिजोरी भरलेली आहे की तिच्यात खडखडाट आहे, हे प्रामुख्याने वायूच्या भावावर ठरते. कार्निव्हलसाठी बाहेरून येणाऱ्यांची संख्या साधारणपणे ३० ते ४० हजारांच्या घरात असते. त्यांतही न्यूयॉर्क, टोरांटो, लंडनहून घरी येणारे त्रिनिदादीच पुष्कळ, आणि ते हॉटेलात कशाला उतरतील? मावशीचे घर असतेच. पैसा फिरतो, याबद्दल वाद नाही. शिंप्यांपासून ट्रकवर ध्वनियंत्रणा चढवणाऱ्यांपर्यंत आणि ‘बारा’ नावाच्या दोन तळलेल्या रोट्यांमध्ये छोले घालून ‘डबल्स’ विकणाऱ्यांपर्यंत अनेकांची मोसमी कमाई त्यावर असते. २०२१ मध्ये महामारीमुळे कार्निव्हल झालाच नाही, तेव्हा सर्वांत जास्त कळ लागली ती याच माणसांना. मात्र स्पर्धा, मंच आणि बक्षिसे यांच्या खर्चाचा मोठा भार सरकार उचलते, आणि पोलादी पिंपांचे वाद्य वाजवणाऱ्या नामवंत वाद्यवृंदांपैकी ‘रेनेगेड्स’च्या नावाआधी तर ‘बीपी’ ही तेलकंपनीची अक्षरे लागतात. थोडक्यात, कार्निव्हल देशाला पोसत नाही, तर वायूचा पैसा कार्निव्हलला पोसतो. देशाचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना २०१८ मध्ये बंद पडला, हे लक्षात घेतले तर या व्यवस्थेचे पुढे काय, हा प्रश्न किती नाजूक आहे ते कळते. फिरत्या मजकुरात त्याचा मागमूसही नाही.

राजाश्रयाची गोष्ट तर इतिहासाला धरून मुळीच नाही. १७८३ नंतर त्रिनिदादमध्ये आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी मुखवट्यांचे नाच आणले हे खरे. पण १८३८ मध्ये पूर्ण मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांनी रस्ता ताब्यात घेतला तेव्हा त्या उत्सवाचे रूपच पालटले. जळत्या उसाच्या आठवणीतून निघणारी ‘कॅनबुले’ची मशालमिरवणूक ब्रिटिश अंमलदारांच्या डोळ्यांत सलत होती. १८८१ मध्ये ती मोडायला आलेल्या पोलिसांशी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर लोकांनी झुंज दिली, आणि १८८४ मध्ये कायदा करून मशाली आणि ढोल यांच्यावर टाच आणली गेली. ढोल गेले, तर लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे, कचऱ्याचे डबे आणि शेवटी तेलाची पिंपे आली. या पिंपांपासून घडलेले स्टीलपॅन किंवा नुसते ‘पॅन’ हे वाद्य लावेंतिलसारख्या गरीब वस्त्यांत जन्मले, आणि ते वाजवणाऱ्या पोरांना सभ्य समाज अनेक वर्षे गुंडच समजत असे. कार्निव्हलसाठी सरकारी समिती आली १९५७ मध्ये, पॅनवादकांची ‘पॅनोरमा’ स्पर्धा १९६३ मध्ये, राष्ट्रीय कार्निव्हल आयोगाचा कायदा १९९१ मध्ये आणि स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा मान १९९२ मध्ये. आधी पाठीवर लाठी, मग पाठीवर थाप, असा हा क्रम आहे. मजकूर लिहिणाऱ्याने तो नेमका उलटा लावला.

याच इतिहासात एक धागा असा आहे, ज्याने मराठी वाचकाचे कान टवकारावेत. १८४५ पासून १९१७ पर्यंत गिरमिट करून, म्हणजे कराराने बांधून, भारतातून नेलेल्या मजुरांबरोबर ताशा तिथे पोहोचला आणि आजही तो ‘तासा’ म्हणूनच ओळखला जातो. हे लोक मुख्यत्वे आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते, त्यामुळे इथे उगाच मराठी नाते जुळवू नये. पण आपल्याकडे हलगी तापवतात तसा तिथे तासा वाजवण्याआधी आगीवर तापवून घेतात, आणि कातडे ताणले गेले की त्याचा आवाज असा कडक होतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मोहरमच्या मिरवणुकीत, म्हणजे तिथल्या ‘होसे’मध्ये, तो घुमत असे, आणि त्या मिरवणुकीवरही १८८४ मध्येच सान फर्नांडो येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. पुढे १९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या गायकाने कॅलिप्सो या तिथल्या जुन्या गानप्रकारात भारतीय ठेके मिसळले आणि त्यातून ‘सोका’ हे संगीत घडले, ज्यावर आजचा सगळा कार्निव्हल नाचतो. ही काही कोणत्या खात्याची योजना नव्हती.

पर्यटकांना रुचेल असे रूप दिल्यामुळे उत्सव टिकला, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. पूर्वीच्या मोठ्या वेशपथकांचा, म्हणजे सोंगे घेऊन रस्त्यावर नाचत जाणाऱ्या पथकांचा, प्राण होता तार वाकवणारा कारागीर. तो चित्रावरून तारेचा सांगाडा उभा करी, त्यावर कागद आणि कापड चढवी, आणि दोन माणसांच्या उंचीचा तो डोलारा एका नाचणाऱ्याच्या खांद्यांवर हेलकावे खाईल असा तोल साधी. वेशरचनाकार पीटर मिनशाल यांनी १९८३ मध्ये ‘रिव्हर’ हे वेशनाट्य रस्त्यावर उतरवले ते अशाच कौशल्यांच्या बळावर, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या उद्घाटनाला त्यांना बोलावले गेले तेही यामुळेच. आज मोठ्या पथकांचा वेश म्हणजे बहुधा मणी, पिसे आणि पोहण्याचा पोशाख, आणि त्यातला बराच माल चीनमधून तयार होऊन येतो. बायकांनी किती कपडे घालावेत, हा माझा मुद्दा नाही. कार्निव्हलमध्ये आज बहुसंख्य त्याच आहेत आणि रस्त्यावरच्या त्यांच्या मोकळेपणाला स्वतःचा इतिहास आहे. माझा मुद्दा मण्यांचा आहे. वेशासाठी भरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा मालाबरोबर देशाबाहेर जातो आणि तार वाकवायला शिकणारे हात कमी होतात, म्हणजे आर्थिक तोटा आणि सांस्कृतिक तोटा इथे एकाच दाराने आत येतात. गोव्यातही मुक्तीनंतर पणजीच्या चित्ररथांना प्रायोजक मिळाले. साष्टीतल्या गावांतले कार्निव्हलचे ‘खेळ’, म्हणजे लोकनाट्ये, मात्र पर्यटकांच्या छायाचित्रांत सहसा दिसत नाहीत.

शाखांबद्दल फार लिहावे असे नाही. लंडनच्या नॉटिंग हिलचा रस्त्यावरचा कार्निव्हल १९६६ चा, टोरांटोचा १९६७ चा, ब्रुकलिनचाही तसाच. हे सारे तिथे जाऊन राहिलेल्या स्थलांतरितांनी उभे केले आणि त्यांचे उत्पन्न तिथेच राहते. गायकांना आणि पॅनवादकांना त्यामुळे वर्षभर कामाचा फेरा मिळतो, हे मान्य करायलाच हवे. पण मूळ देशाच्या हाती हक्क नसतील तर काय होते, याचा अनुभव या शतकाच्या आरंभी आला, जेव्हा पॅन घडवण्याच्या एका यांत्रिक पद्धतीचे पेटंट अमेरिकेत दोन अमेरिकनांना मिळाले आणि त्रिनिदादमध्ये संतापाची लाट उसळली.

आता ज्यापासून पॅन घडते त्या पिंपाकडे पाहा. त्याचा तळ हातोडीने ठोकून ठोकून वाडग्यासारखा खोल करायचा, त्यावर स्वरांच्या जागा आखायच्या, पिंप आगीवर तापवायचे, आणि मग लहान हातोडीने एकेक जागा इतकी हलकेच उठवायची की तिच्यातून मूळ स्वर आणि त्याच्या वरचा तार सप्तकातला स्वर दोन्ही स्वच्छ निघावेत. हे काम करणारा ‘ट्यूनर’ वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून तयार होतो. जानेवारीच्या रात्री पॅनयार्डात, म्हणजे वाद्यवृंदाच्या सरावाच्या अंगणात, जा : शंभराहून अधिक वादक, त्यांत शाळकरी मुलेही, समोर कागद न ठेवता एकेक ओळ कानाने पाठ करत असतात, आणि कोणी चुकले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिथे बसून ऐकायला सहसा तिकीट लागत नाही. कार्निव्हलच्या अर्थकारणाचे हिशोब पर्यटक मोजून मांडणाऱ्यांना ही रात्र कोणत्या रकान्यात लिहायची, ते ठाऊक नसते. म्हणून ती त्या मजकुरातही नाही.