अळणी तास

चौथीच्या वाचनतासाला यंदा तुमच्याकडे ‘श्यामची आई’ आली असेल, तर घाबरू नका. नीट शिकवलं की कुठलंही पुस्तक आटोक्यात येतं.

पहिला आठवडा पुस्तक उघडूच नका. फळ्यावर लेखक-परिचय लिहा: पांडुरंग सदाशिव साने, गाव पालगड, पुस्तक लिहिलं नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३. अवघ्या ५ दिवसांत लिहून झालं, हे मात्र बोलू नका. आपल्याला ते मार्चपर्यंत पुरवायचंय. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते, हेही गाळलेलं बरं. उगाच तुलना होते.

पुस्तकात ४२ रात्री आहेत. आश्रमातली मंडळी जमतात, श्याम आईची एक आठवण सांगतो आणि ऐकणारे दुसऱ्या रात्रीची वाट बघतात. ही वाट बघण्याची खोड वर्गाला लागता कामा नये. तासाला एकच परिच्छेद घ्या आणि प्रत्येकाला उभं करून एकेक ओळ वाचायला लावा. ज्याची ओळ झाली, तो खिडकीबाहेर बघायला मोकळा. तरीही तिसऱ्या बाकावरची एखादी मुलगी एका बोटानं आपली ओळ धरून ठेवते आणि चार पानं पुढे गेलेली असते. तिला पकडा. ‘आपण कुठं आहोत?’ असं विचारा. तिला सांगता येणार नाही. ती त्या वेळी कोकणात असते.

आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तो प्रसंग आला की मुलांचे चेहरे बदलतात. लगेच पर्याय द्या. आईनं धोंड्यावर काय पसरलं? (अ) सतरंजी (आ) लुगड्याचे ओचे (इ) पंचा. ‘बाई, ओचे म्हणजे?’ असा प्रश्न येईलच. ‘वस्त्राचा भाग’ असं वहीत लिहून द्या. पाचवार गोल नेसणाऱ्या बाईंकडे वर्गाला दाखवायला ओचा असणार कुठून? पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं आई पुढं सांगते. त्यावर गाइडात प्रश्न नाही, सबब पुढं चला.

खरी कसोटी अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मुकाट्यानं जेवतात, ते बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवायला बसते, तेव्हा तिला कळतं. या प्रकरणात धोका असा की सगळ्यांना एकदम घरचं जेवण आठवतं. कुणी म्हणतं, आमचे पप्पा ताट सरकवतात. कुणी सांगतं, आमच्याकडे आई सगळ्यात शेवटी जेवते, तेव्हा भाजी उरलेलीच नसते. वेळीच आवरा. ‘घरचं घरी!’ म्हणा आणि फळ्याकडे वळा: भाजी कशाची होती? कोण कोणास म्हणाले? ‘अळणी’चा विरुद्धार्थी शब्द लिहा. एवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर येईल. ‘बाई, वडील खोटं वागले की चांगलं वागले?’ तिला सांगा, हे परीक्षेला येत नाही.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. पुस्तकं हातात देऊन मुलांना मैदानात बसवा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. फोटोत पुस्तक उलटं धरलेला मुलगा मागच्या रांगेत घ्या.

वर्षाअखेरी प्रती मोजून कपाटात ठेवायच्या आणि कुलूप लावायचं. एक कमी भरेल. कुणाकडे आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून पुस्तक आणून देईल. अळणी भाजीच्या पानावर हळदीचा अंगठा उमटलेला असेल, तिच्या अंगठ्याच्या दुप्पट मोठा. ‘आई वाचत होती, बाई. अजून थोडं राहिलंय तिचं.’

दंड पाच रुपये. पावती फाडा.