मर्सीकाठचा तेरडा आणि आपली घाणेरी

दरवर्षी जूनमधल्या दोन-तीन रविवारी मी मँचेस्टरमध्ये मर्सी नदीकाठच्या सार्वजनिक उद्यानात तेरडा उपटायला जाते. साताऱ्यात वाढलेल्या मला पहिल्या वर्षी हे काम फार जड गेले, कारण आमच्या घरी गौरी तेरड्याच्याच असतात. तो वाजतगाजत आणायचा, उपटून ढिगात टाकायचा नव्हे. मर्सीकाठचा हा तेरडा मात्र आपल्या तेरड्याचा हिमालयातला उंच भाऊबंद आहे. १८३९ साली तो शोभेसाठी इंग्लंडमध्ये आणला गेला, बागांतून निसटला आणि नद्यांच्या काठाने पसरत गेला. माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या त्याच्या दाटीखाली इतर रोपांना ऊन मिळत नाही, आणि थंडीत तो मरून गेला की उघड्या पडलेल्या काठाची माती नदी घेऊन जाते.

त्याचे मूळ उथळ असते, त्यामुळे रोप सहज हाती येते. पण खोड सर्वांत खालच्या पेऱ्याच्या वर तुटले, तर उरलेला भाग पुन्हा फुटतो. म्हणून आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका प्रत्येक नवख्याला तो पेरा बोटाने दाखवतात. शेंगा धरण्याआधीच हे काम उरकावे लागते, कारण पिकलेली शेंग नुसता स्पर्श होताच फुटते आणि बी सात मीटरपर्यंत उडते. जमिनीत पडलेले बी साधारण दोन वर्षे जिवंत राहत असल्यामुळे, नदीच्या वरच्या अंगाकडून सुरुवात करून तोच पट्टा सलग तीन वर्षे उपटला, तर तो मोकळा होतो. कोणत्या वळणावर गेल्या वर्षी किती दाटी होती आणि यंदा किती उरली, याचा नकाशा आमच्याजवळ असतो, आणि दर रविवारी कामाची सुरुवात तो उघडूनच होते.

गेल्या मे महिन्यात साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटला. घराजवळच्या बागेत, कुंपणापासून टेकडीच्या उतारापर्यंत माजलेली घाणेरी जेसीबी लावून एका दिवसात काढण्यात आली होती. काहींनी अभिनंदन केले. काहींनी फुलपाखरे गेली, माती उघडी पडली, हिरवे आहे ते राहू द्या, असे कळवळून लिहिले. एकाने तणनाशक फवारण्याचा आग्रह धरला. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे आहे आणि तिच्या जाळीखाली उतारावरचे गवत व रानफुले गुदमरतात हेही खरे आहे. ती किती जागेत होती आणि पावसानंतर तिथे कोण फिरकणार, हे मी विचारले, तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही. ऑगस्टमध्ये आईने फोटो पाठवला: उकरलेल्या त्या मातीत गाजर गवत कमरेएवढे उभे होते, पांढऱ्या फुलांनी भरलेले. ते उगवल्यापासून महिन्याभरात फुलू लागते आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकते, हे ध्यानात घेतले तर त्या एका दिवसाच्या सफाईने आपण काय पेरले ते कळते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तशीच ही मोहीम ठरली.

इंग्लंडने हे सगळे साधले आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. जपानी नॉटवीड हे परदेशी तण रानात लावणे किंवा फैलावणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, घर विकतानाही ते आवारात आहे का हे लिहून द्यावे लागते, तरी ते आहेच, आणि त्यावर मुख्य उपाय तणनाशकाचाच आहे. दूरवरून तणाचा नैसर्गिक शत्रू आणण्याचा मार्ग दोन्ही देशांनी धरला: गाजर गवतासाठी आपण मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा १९८४ मध्ये सोडला, आणि या तेरड्यासाठी इंग्लंडने २०१४ पासून भारतातली तांबेऱ्याची बुरशी सोडली. या दोन्हींची मदत होते, पण माणसाची फेरी चुकत नाही.

आणि ती फेरी घालणारे हात साताऱ्यात इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त आहेत. इथे आम्हाला रोप ओळखायला शिकवावे लागते. आपल्याकडे खुरपणीला जाणारी बाई दोन पानांवर आलेले तण ओळखते. जेसीबीच्या भाड्याऐवजी अशा चार-पाच जणींना पावसाळ्याचे चार महिने, हातमोजे आणि रास्त मजुरी देऊन बागेत नेमावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घाणेरी नुसती छाटली की बुंध्यातून फुटते, म्हणून खोड जिथे मुळाला मिळते तो भाग त्यांनी जमिनीखालून तोडून काढावा, आणि मोकळ्या जागेत घाईने गिरिपुष्प न लावता उतारावरचेच गवत येऊ द्यावे. घाणेरीची काळी फळे बुलबुल खातात आणि बसायच्या झाडांखाली बी टाकतात. पुढच्या वर्षीची रोपे आधी तिथेच सापडतील. पुढल्या आषाढात मी येणार आहे. बुलबुल कुठे बसतात हे आईला रोजच्या फिरण्यामुळे ठाऊक आहे. दोन करंज आणि पाण्याच्या टाकीजवळचा कडुनिंब, एवढे मी तिच्याकडून वहीत उतरवून घेतले आहे.