वीस सेकंद निघत नाहीत

वर्षानुवर्षं चाललेल्या संगीत नाटकाचा सिनेमा करायचा ठरला की निर्माता खुशीत म्हणतो, ‘गाणी तयारच आहेत, निम्मं काम झालं!’ उरलेलं निम्मं काम म्हणजे ती गाणी कापणं. ते आम्हा संकलकांच्या गळ्यात पडतं.

‘मानापमान’ 1911 चं. त्यात पन्नासच्या वर पदं. तेव्हा रात्र प्रेक्षकांच्या मालकीची होती, वन्स मोअर घेत उजाडलं तरी तक्रार नव्हती. मल्टिप्लेक्सवाला मात्र पुढच्या खेळाची वेळ दाखवतो. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’चा 2015 मध्ये सिनेमा झाला, तेव्हा मूळ नाटकाचे संगीतकार अभिषेकीबुवा यांची मोजकी पदं ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली. माझ्या मते हाच मार्ग बरा. सगळं जुनं ठेवलं तर नाटकाचं चित्रीकरण होतं, सगळं बदललं तर पहिल्या रांगेतले काका मध्यंतरातच दिग्दर्शकाला शोधायला लागतात.

खरी कटकट कात्रीपाशी.

‘अरे, यातले वीस सेकंद उडव.’

‘दादा, वीस निघत नाहीत. सोळा काढतो, नाहीतर चोवीस.’

दिग्दर्शकाला वाटतं, पोरगं भाव खातंय. पण मध्यलय तीनतालात सेकंदाला दोन मात्रा धरा: सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं. काप समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंतच घ्यावा लागतो, म्हणजे हिशेब आठाच्या पटीत. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला एकताल असेल तर एकेक आवर्तन मिनिटभराचं. तिथे कात्री ठेवून चहा प्यायला जावं. मधेच कापलं तर मुखडा एकीकडे, तबला दुसरीकडे. सामान्य प्रेक्षकाला काय चुकलं ते कळत नाही, तो नुसता खुर्चीत चुळबुळतो. जाणकार ‘च्च्’ करतो आणि पुढचा करुण प्रसंग धुऊन टाकतो. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात एकसारख्या वाजणाऱ्या टिकटिकीवर, गाणं बांधलं तर आमचं काम सोपं होतं, पण द्रुतात, म्हणजे जलद लयीत, आपोआप चढणारी लय मरते. म्हणून तबलजीला गायकासमोर बसवून ध्वनिमुद्रण करायचं आणि समा नंतर हाताने टिपत बसायचं.

मग ओठ जुळवणं. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची. शब्द जुळतात. तान, म्हणजे शब्दांवाचून धावणारी स्वरांची माळ, नडते. तिच्यात ओठ जवळजवळ स्थिर असतात, काम गळ्याचं. नट प्रत्येक स्वराला जबडा हलवायला लागला की क्लोजअपमध्ये चणे खाताना दिसतो. त्याला तान पाठ करायला लावू नका, गायक श्वास कुठे घेतो ते पाठ करायला लावा. तानेआधी छाती भरलेली दिसली की प्रेक्षक बाकीचं मानून घेतो. गंमत म्हणजे तोच श्वास मिक्सिंगवाला ‘आवाज साफ केला’ म्हणून पुसतो, आणि आम्ही परत चिकटवतो.

मागे तानपुऱ्यावर बसवलेली मुलगी हमखास तबल्याच्या ठेक्यावर तारा छेडते. तिला आदल्या दिवशी सांगा: मधलं बोट पहिल्या तारेला, तर्जनी उरलेल्या तिघींना, आणि तबल्याकडे साफ दुर्लक्ष.

इतक्यात कुणीतरी ‘ले मिझराब्ल’ काढतंच. 2012 च्या त्या सिनेमात नट सेटवरच गायले, कानात पियानो, ऑर्केस्ट्रा मागाहून. ‘आपणही तसंच करू!’ करा की. आपला गायक तीच तान दोनदा घेत नाही, त्यामुळे लाँग शॉटमधली क्लोजअपला जोडता येत नाही. तीन कॅमेरे एकदम लावले तर तिन्हींना पुरेल अशी प्रकाशयोजना एकालाही शोभत नाही. शिवाय तबला गायकाच्या माइकमध्ये झिरपतो, तो जन्माचा.

सगळं निभावलं की सबटायटल्स उरतात. एक ओळ पडद्यावर सहा-सात सेकंदच टिकवावी असा दंडक, आणि गायक ‘घेई छंद मकरंद’ आळवतच बसलेला. ओळ काढली तर गाणं संपलंसं वाटतं, ठेवली तर प्रोजेक्टर अडकलासा. तानेखाली काय लिहावं यावर आमच्यात एकमत नाही. तूर्तास जागा रिकामी सोडतो.