मोकळ्या टँकचा महिना आणि तुमचा 1 स्टार

नमस्कार दादा, रिव्ह्यू दोनदा वाचला, काल रात्रीच उत्तर टाकणार होतो पण डोकं तापलेलं असताना लिहायला नको म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं असं की 5 फुटी टँक बसवून दिला आणि महिनाभर नुसतं पाणी बघत बसा म्हणालो, दगड ढासळून फिल्टरचा पाइप तुटला, कोरलची रेती उगाच गळ्यात मारली, आणि पाणी आरशासारखं असून 15 मधले 14 मासे गेले.

आधी दगडाचं, ती चूक आमची. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवून बसवायचे (खाली पातळ फोम घालून) आणि मग भोवतीनं रेती ओतायची, आमच्या दुकानातल्या मुलानं उलटं केलं, आधी रेती पसरली आणि तिच्यावर ढीग रचला. मलावीचे सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी तलावातले मासे, तुमच्या टँकमधले) तोंडानं रेती उपसतात, एका रात्रीत दगडाखाली खड्डा करतात, मग वरचं सगळं सरकणारच. काच वाचली हे नशीब. मुलगा नवीन आहे पण शेवटी नजर टाकायचं काम माझं होतं आणि मी आलोच नाही. पाइप नवीन लावून देतो, दगड परत रचून देतो, त्याचा एक पैसा नको.

आता महिन्याचं. दादा, तो महिना आम्ही टाइमपास म्हणून सांगितला नव्हता, खरं काम तेच होतं, टँक-स्टँड-लाइट हे एका दुपारचं काम आहे. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, फिल्टरच्या मिडियावर (आतल्या स्पंजसारख्या भरावावर) बसलेले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे थोडंफार चालतं आणि आठवड्याला पाणी बदललं की निघून जातं. नव्या टँकमधे हे बॅक्टेरिया जवळपास नसतातच, पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात, आणि त्यांना पण खायला अमोनिया लागतो, म्हणून तर मासे नसताना रोज चिमूटभर खाणं टाका आणि पाणी तपासायच्या किटवर बघत रहा म्हणालो होतो. अमोनिया चढतो मग उतरतो, नायट्राइट चढतं मग उतरतं, दोन्ही शून्यावर आले की मासे.

तुम्ही सहाव्या दिवशी दुसरीकडून 15 मासे आणून एकदम सोडले, हे तुम्हीच लिहिलंय म्हणून बोलतोय. आणि स्पंजवर तपकिरी चिकट थर दिसला म्हणून तो दोनदा नळाखाली चोळून धुतला. अहो ती घाण नव्हती नुसती, जे काही थोडे बॅक्टेरिया धरायला लागले होते ते त्यातच होते, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मारले. स्पंज धुवायचा तर टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, तो पण हलक्या हातानं पिळून.

रेतीबाबत मात्र मी माघार घेणार नाही. मलावीच्या माशांना कडक पाणी लागतं, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधला) 7.8 ते 8.6 च्या आसपास, आणि अमोनियाचं नायट्रेट होताना पाणी हळूहळू आम्लाकडे सरकतं, कोरलची रेती पीएच खाली घसरू देत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. साध्या टँकमधे जी घाई एखादवेळेस खपून जाते ती सिक्लिडच्या टँकमधे खपत नाही. पाणी स्वच्छ होतं म्हणता, असेलच, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासे वर येऊन धापा टाकत होते, कल्ले लालभडक झालेले, हे वाचून मला तरी तेच वाटतं, टेस्ट केलेली नाही त्यामुळं छातीठोक सांगत नाही.

एक कबूल करतो, हे सगळं मी तुम्हाला काउंटरवर दोन मिनिटात गिऱ्हाईक सांभाळत सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं नाही. एवढं कुणाच्या लक्षात राहणार. आता प्रत्येक टँकबरोबर लिहून देतोय.

आणि उरलेला एक मासा, तो ऑस्कर आहे ना? तो दक्षिण अमेरिकेचा, त्याला मऊ पाणी बरं, वाढून फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, मलावीवाल्यांबरोबर त्याला द्यायलाच नको होता. तो आम्ही दुकानात ठेवून घेऊ. पण तोपर्यंत फिल्टर बंद करू नका, खाणं एक दिवसाआड आणि अगदी थोडं, रोज पाव टँक पाणी बदला, क्लोरीन मारायचं औषध घालून. बुधवारी मी स्वतः येतो, आमच्या जुन्या चालत्या टँकमधला स्पंज ओला ठेवून घेऊन येतो, तो तुमच्या फिल्टरमधे बसवला तर महिन्याचं काम बरंच लवकर होईल. किट घरी असेल तर त्या दिवशी सकाळी एक रीडिंग घेऊन ठेवा.