गारवा आहे, पण कोरडेपणाचं काय?
"चुन्याच्या जाड भिंतींमुळे वाड्यातल्या संगीत संग्रहाला वेगळ्या यंत्रणेची गरज नाही" हे लेखातलं वाक्य पटलं नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात या भिंती गारवा देतात, मान्य. पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच ओलावा धरून ठेवतात. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या ग्रामोफोन तबकड्यांवर मग बुरशी धरते, थेट खाचांत. आर्द्रता ४०-५० टक्क्यांत ठेवणारं यंत्र हवंच. आणि पुसायला स्पिरिट अजिबात वापरू नका! त्यात लाख विरघळते, आवाज कायमचा जातो. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश पुरे. तबकड्या उभ्याच ठेवा, थप्पीत खालच्या तडकतात.

वाडा गोदाकाठचा असेल तर तळमजल्यावर एकही कपाट ठेवू नये. सराफ बाजारात पुराचं पाणी कुठवर येतं, हे नाशिककरांना ठाऊक आहे.